बटण दाबण्याआधीची धडधड

१९ एप्रिल २०२४. लोकसभेचं मतदान. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही रांगेत होतो, माझ्यापुढे काकू. त्या आत गेल्या, व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसली, पडली आणि बीप वाजला. बाहेर आल्या तेव्हा पदराने तळहात पुसत होत्या. "दरवेळेस आत गेलं की काळजात धडधड होऊन राहते. कोणाला द्यायचं ते तं आधीच ठरलेलं असते ना!"

ही धडधड मोजली गेली आहे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि ते लाळेतही सापडतं. २००९ साली इस्रायलमधल्या निवडणुकीत संशोधकांनी मतदान केंद्रावरच मतदारांच्या लाळेचे नमुने घेतले. तुलनेसाठी तपासलेल्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांच्यात कॉर्टिसॉल जवळपास तिप्पट होतं. ज्यांचा पक्ष हरणार असं वाटत होतं, त्यांच्यात ताण आणखी जास्त. ताणाखाली मेंदू नवा विचार टाळतो आणि सवयीची वाट धरतो. म्हणून मला वाटतं, उमेदवारांची तुलना घरी, चहा घेत करावी. केंद्राच्या दारात नव्हे.

निकालही अंगात उतरतो. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री ओबामा जिंकले, तेव्हा हरलेल्या बाजूच्या पुरुष मतदारांचं टेस्टोस्टेरॉन (मुख्यतः पुरुषांमधलं संप्रेरक) घसरलं. जिंकलेल्या बाजूच्यांचं टिकून राहिलं. स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही. स्वतः मैदानात न उतरताही हार अंगाला लागते!

आता आपल्या शहराकडे येऊ. त्या दिवशी नागपुरात मतदान झालं सुमारे ५४ टक्के. न आलेल्यांना आपण लगेच आळशी म्हणतो. ऊन, मतदार यादीतून गायब झालेलं नाव, बाहेरगावची नोकरी ही कारणं आहेतच. पण अमेरिकेतल्या एका अभ्यासात असंही आढळलं, की ज्यांचं कॉर्टिसॉल एरवीच चढं असतं ते कमी वेळा मतदान करतात. वादाच्या, गर्दीच्या जागेपासून त्यांचं शरीरच त्यांना मागे ओढत असावं. अशा माणसाला टोमणे मारून केंद्रावर कसं आणणार? त्याच्यासोबत चालत जाणं जास्त उपयोगी, असं माझं मत आहे.

घरून मत देणाऱ्यांमध्ये हा ताण कमी असतो, असंही तिकडच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे त्या निवडणुकीत ८५ वर्षांवरच्यांना घरून मतदानाची सोय होती. आमच्या गल्लीतल्या आजोबांकडे पथक आलं. इस्त्रीचा सदरा घालून ते सकाळपासून वाट पाहत बसले होते. पथकाने टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आजोबांनी चष्मा पुसला, मतपत्रिकेवरचं एकेक नाव बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच पेन उचललं.