किल्ली जरा वर उचलून फिरव!

आमच्या दाराचं लॅच वीसेक वर्षांचं, आणि ते उघडायची एक स्पेशल पद्धत होती. किल्ली पूर्ण आत घालायची, हलकेच वर उचलायची आणि मग फिरवायची. घरच्यांना सवय झालेली, पण आतेबहिणीला किल्ली देऊन ठेवली होती तर ती बिचारी अर्धा तास पॅसेजमध्ये खटपट करत बसली. शेवटी गेल्या रविवारी लॅचचा सिलिंडर बदलला, जुना खोलून बघितला, आणि तेव्हा कळलं की आमची ती युक्ती म्हणजे चक्क फिजिक्स होतं.

सिलिंडर म्हणजे ज्यात किल्ली जाते तो पितळी दंडगोल. त्याच्या आत फिरणारा गाभा असतो आणि वरून त्यात पाच-सहा पिना उतरतात, प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, डोक्यावर बारीकशी स्प्रिंग. किल्ली नसली की वरचा तुकडा अर्धा गाभ्यात अर्धा बाहेर, म्हणून गाभा अडकतो. बरोबर किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक पिन नेमकी तेवढीच उचलतात, सगळे जोड गाभ्याच्या कडेवर एका रेषेत येतात आणि गाभा फिरतो. पाच पिना आणि दात्यांच्या सहा उंच्या धरल्या तर ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात (त्यातल्या काही प्रत्यक्षात वापरत नाहीत). कल्पना खूप जुनी, प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांत पिना नुसत्या वजनाने खाली पडायच्या. आजची चपटी किल्ली अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियरची, १८६१ चं पेटंट.

आता आमचा घोळ. किल्ली पितळेची, रोज घासून दाते झिजले, पिनांची टोकंही झिजली. मग जोड त्या रेषेच्या केसभर खालीच राहतो आणि वरचा तुकडा गाभ्यात लटकतो. किल्ली वर उचलली की तेवढी कसर भरून निघते! आणि झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली की मशीन ती झीजही इमानदारीत कॉपी करतं, म्हणून आमची नवी किल्ली जुनीपेक्षा वाईट चालायची.

त्यात मी खोबरेल सोडायचो. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे थंडीत पिना तुपात रुतल्यासारख्या, आणि एरवी धूळ धरून ठेवतं ते वेगळंच. त्यापेक्षा मऊ पेन्सिल किल्लीवर घासा, ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, चिकटपणा नाही.

बदलायचं काम तसं सोपं. दार उघडं ठेवून आतल्या बाजूने लॅचचा डबा काढला, मागे पत्र्याची प्लेट आणि दोन लांब स्क्रू, ते सोडताना बाहेरून कोणीतरी सिलिंडर धरून ठेवा नाहीतर तो धाडकन पॅसेजमध्ये पडतो. सिलिंडरच्या मागची चपटी पट्टी मात्र दाराच्या जाडीप्रमाणे तोडावी लागते, मी जुनीशी मापून मगच पक्कड लावली. डबा बसवल्यावर उघड्या दारातच चार वेळा किल्ली फिरवून बघितली, मग दार लोटलं.

जुना सिलिंडर पेपरवर खोलला तर स्प्रिंगा टणाटण उडाल्या, एक अजून सापडलेली नाही. नव्या तीन किल्ल्यांपैकी एक न वापरता कपाटात ठेवली आहे, पुढच्या डुप्लिकेट तिच्यावरूनच काढायच्या. आई अजून किल्ली वर उचलूनच फिरवते.