कोण बघतं बायकांचं बास्केटबॉल? आयोवाचं शंभर वर्षांचं उत्तर

१५ ऑक्टोबर २०२३. अमेरिकेतल्या आयोवा सिटीचं किनिक स्टेडियम म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं मैदान. त्या दिवशी तिथे मोकळ्या आभाळाखाली लाकडी कोर्ट मांडलं होतं. सामना सरावाचा होता, आयोवा विद्यापीठाच्या मुली विरुद्ध डीपॉल विद्यापीठाच्या मुली. ना स्पर्धा, ना क्रमवारीचे गुण, ना चषक. तरी ५५,६४६ लोक आले. बायकांच्या बास्केटबॉल सामन्याला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. आयोवाच्या केटलिन क्लार्कने ३४ गुण केले, ११ रिबाउंड (नेम चुकून परत आलेले चेंडू) घेतले आणि १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास) दिले.

पुढच्या सहा महिन्यांत अमेरिकेतल्या क्रीडाचर्चेत एक शब्द सतत ऐकू येत होता, ‘अचानक’. लोक म्हणे अचानक बायकांचं बास्केटबॉल बघायला लागले. हा शब्द मला खटकतो. क्लार्क असामान्य खेळाडू आहे, यात वादच नाही. पण ती आयोवात जन्मली, आयोवात वाढली आणि आयोवाकडूनच खेळली. त्या राज्यात मुलींचा सामना बघायला गाव लोटणं ही तिच्या आजीच्या पिढीचीसुद्धा सवय होती. ‘बायकांचा खेळ कोणी बघत नाही’ हे वाक्य निसर्गनियमासारखं फेकलं जातं, पण ते घडत कसं गेलं याला इतिहास आहे.

जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला तो डिसेंबर १८९१ मध्ये. जवळच्याच नॉर्थॅम्प्टनला स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने काही महिन्यांतच तो मुलींना शिकवला. म्हणजे बायका या खेळात मागाहून आलेल्या नाहीत, जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहेत. पण बेरेन्सन यांनी नियम बदलले. कोर्टाचे तीन भाग केले, आपला भाग सोडून जायचं नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. मुलींनी दमू नये आणि धसमुसळेपणा करू नये, हा हेतू. मार्च १८९३ मध्ये तिथे सामना झाला तेव्हा पुरुषांना आत येऊ दिलं नाही. १८९६ मध्ये स्टॅनफर्डच्या मुलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींना २-१ असं हरवलं, तेव्हाही प्रेक्षक फक्त बायकाच.

त्या काळात ही बंदी मुलींना सांभाळण्यासाठीच होती, आणि त्यामुळे हजारो मुली निदान खेळू तरी शकल्या. पण एक गोष्ट तेव्हाच ठरून गेली. बायकांनी खेळायला हरकत नाही, चारचौघांनी ते बघायला हरकत आहे. १९२० च्या दशकात शारीरिक शिक्षणातल्या अनेक मान्यवर स्त्रियांनीच हा विचार पुढे नेला. चुरशीच्या स्पर्धा नकोत, तिकीट लावून सामने नकोत, नामांकित खेळाडू घडवणं नको. सगळ्या मुलींनी थोडं थोडं खेळावं. शहरांतल्या शाळा-कॉलेजांतून मुलींचे संघ एकेक करून बंद होत गेले.

आयोवातही तसंच घडणार होतं. तिथे १९२० पासून मुलींची राज्य स्पर्धा भरत होती. १९२५ मध्ये शाळाप्रमुखांच्या सभेत, मुलींनी लोकांसमोर स्पर्धेत उतरणं बरं नव्हे, असा सूर लागला. तेव्हा छोट्या गावांचे शाळाधिकारी उठले. मिस्टिक गावच्या जॉन अ‍ॅगन्स यांनी सभेला बजावलं की मुलींचं बास्केटबॉल बंद करायला जाल तर रुळांच्या मधोमध उभे असाल आणि गाडी अंगावरून जाईल. हे लोक सभेतून फुटले आणि त्यांनी फक्त मुलींच्या खेळांसाठी वेगळी संघटना काढली. मोठ्या शहरांतल्या शाळा बाजूला राहिल्या. मका पिकवणाऱ्या, हजार-पाचशे वस्तीच्या गावांनी हा खेळ उचलून धरला.

आयोवाचा खेळ सहा जणींचा होता. कोर्टाच्या एका अर्ध्यात तिघी फक्त बास्केट करणाऱ्या, दुसऱ्या अर्ध्यात तिघी फक्त अडवणाऱ्या. मधली रेघ ओलांडायची नाही आणि दोनदाच ड्रिबल करायचं, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटायचा. आज हे विचित्र वाटतं. पण त्यामुळे एकेक मुलगी एका सामन्यात पन्नास-साठ गुण करायची आणि तिचं नाव राज्यभर व्हायचं. मार्च महिन्यात डे मॉइनच्या व्हेटरन्स ऑडिटोरियममध्ये राज्य स्पर्धा असली की छोटी गावं ओस पडायची, कारण सगळे स्टेडियममध्ये. १९६८ चा अंतिम सामना तिथले लोक अजून सांगतात. युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली. एव्हर्लीच्या जेनेट ओल्सनने ७६ गुण केले आणि तरी ती हरली, कारण समोर डेनिस लाँग होती. लाँगचे ६४ आणि जादा वेळेनंतर ११३-१०७. पुढच्या वर्षी एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, लाँगचं नावसुद्धा पुकारलं. एनबीएने ती निवड रद्द केली.

बाकीच्या देशात मात्र बायकांचा खेळ बघायला मिळायचा तो तमाशाच्या अंगानेच. १९३६ मध्ये मिझुरीत निघालेला ‘ऑल अमेरिकन रेड हेड्स’ हा संघ पन्नास वर्षं गावोगाव फिरला. पुरुषांच्या नियमांनी, पुरुषांच्या संघांशी खेळला आणि बहुतेक सामने जिंकला. पण केस लाल रंगवून, मधूनमधून करामती करून. नुसतं चांगलं खेळणं पुरेसं नाही, सोबत काहीतरी गंमत हवी, ही अट बायकांच्या खेळाला तेव्हापासून चिकटली.

१९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेद करता येणार नाही, असा तो नियम. कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या इमाक्युलाटा या छोट्या कॅथलिक कॉलेजने सलग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. प्रेक्षकांत बसलेल्या ख्रिस्ती जोगिणी (नन) लोखंडी बादल्या बडवून एवढा गजर करायच्या की समोरच्या संघाला काही ऐकू येऊ नये. १९७६ ला माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं. त्यातली पहिली बास्केट केली मिसिसिपीच्या लुसिया हॅरिसने.

व्यावसायिक लीगचा पहिला प्रयत्न १९७८ चा, वुमेन्स प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. ९ डिसेंबरला मिलवॉकीत पहिला सामना झाला आणि ७,८२४ लोक आले. पण संघमालकांकडे पैसा नव्हता आणि सामने नियमित दाखवणारं कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या संघाने तर खेळाडूंना चालण्या-बोलण्याच्या, सौंदर्याच्या वर्गाला धाडलं. १९८१ मध्ये मिनेसोटाच्या खेळाडू पगार थकले म्हणून सामन्यातून सरळ चालत्या झाल्या आणि त्याच वर्षी लीग बुडाली. निष्कर्ष काय निघाला? लोकांना रस नाही. पगार न देणाऱ्या मालकांबद्दल कोणी निष्कर्ष काढला नाही.

आणि हे सगळं होऊन चारच वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, आयोवा सिटीत कार्व्हर-हॉकाय अरीनात ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ लोक आले. सभागृहाची क्षमता साधारण साडेपंधरा हजार. लोक जिन्यांवर, वाटांवर बसले. आयोवाच्या प्रशिक्षक होत्या सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर. हे नाव लक्षात ठेवा.

बायकांची सध्याची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, १९९६ च्या लाटेवर उभी राहिली. अमेरिकेचा महिला संघ वर्षभर जगभर फिरून ५२ पैकी ५२ सामने जिंकला, मग अटलांटा ऑलिम्पिकमध्ये आठही जिंकले. ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्याला जवळपास ३३ हजार लोक होते. लगेच दोन लीग सुरू झाल्या. एबीएल हिवाळ्यात खेळायची, म्हणजे बास्केटबॉलच्या खऱ्या हंगामात, आणि पगारही जास्त द्यायची. ती डिसेंबर १९९८ मध्ये दिवाळखोर झाली. डब्ल्यूएनबीएच्या पाठीशी एनबीएचे मालक होते, म्हणून ती तगली. २१ जून १९९७ ला लॉस एंजेलिसला पहिला सामना झाला. लीगची नामांकित खेळाडू शेरिल स्वूप्स तेव्हा बाळंतपणाला आलेली होती. चार दिवसांनी तिला मुलगा झाला आणि सुमारे सहा आठवड्यांनी ती ह्यूस्टनकडून कोर्टवर उतरली. दुसऱ्याच हंगामात प्रेक्षकांची सरासरी दहा हजारांच्या पुढे गेली.

एनबीएच्या त्याच आधारातून पुढचा टोमणा निघाला: ‘पुरुषांच्या पैशावर जगणारी लीग.’ त्याच्या जोडीला ‘डंक (उंच उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबणं) नाही, वेग नाही, बघण्यासारखं काय आहे?’ खेळाडूंच्या पगाराची बातमी आली की खाली ‘आधी नफा दाखवा’. मला यात सर्वांत खुपतं ते हे, की एनबीएला ही घाई कधी लावली गेली नाही. ती १९४६ ची. १९८० मध्ये, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, तिच्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामना, ज्यात नवख्या मॅजिक जॉन्सनने ४२ गुण केले, अमेरिकेच्या बऱ्याच भागात थेट दाखवलाच नाही. रात्री साडेअकरानंतर त्याची टेप लावली. तेव्हा त्या लीगलाही रिकाम्या खुर्च्या होत्या, तोट्यातले संघ होते. तिला वेळ मिळाला आणि टीव्ही मिळाला.

बायकांच्या खेळाला टीव्ही किती मिळाला, हे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८९ पासून दर पाच वर्षांनी मोजलं आहे. क्रीडा बातम्यांच्या वेळेतला बायकांचा वाटा १९८९ मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास होता. २०१९ मध्ये ५.४ टक्के. तीस वर्षांत जवळजवळ काहीच हललं नाही. जे दिसतच नाही त्याची आवड कुठून लागणार?

दुसरा पदर वर्णाचा. या लीगमधल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, अनेकजणी उघडपणे समलिंगी. टीकेतल्या ‘कंटाळवाणं’ या शब्दाआड बऱ्याचदा हेच दडलेलं असतं. एप्रिल २००७ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या मुली राष्ट्रीय अंतिम सामना हरल्या आणि डॉन आयमस या प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने त्यांच्या केसांवरून, रंगावरून घाणेरडी शेरेबाजी केली. आठवडाभरात त्याची नोकरी गेली. त्या मुलींना सोबत घेऊन पत्रकारांसमोर ताठ बसलेल्या प्रशिक्षक म्हणजे त्याच सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर. बावीस हजार लोक जिच्या संघासाठी जिन्यांवर बसले होते, तिला बावीस वर्षांनी आपल्या खेळाडूंच्या माणूसपणाची बाजू मांडावी लागली.

पैशाची बाजू लोकांना कळली ती उशिरा. डायना टॉरासीने २०१५ चा डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घ्यायचे पैसे दिले, आणि ते अमेरिकेतल्या पगाराहून जास्त होते. २०२२ मध्ये डब्ल्यूएनबीएची खेळाडू ब्रिटनी ग्राइनर रशियात दहा महिने अटकेत अडकली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा विचारलं, ती तिथे गेलीच कशाला? पगारासाठी.

मार्च २०२१ मधली एक छोटी चित्रफीत मला या सगळ्या इतिहासाहून बोलकी वाटते. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा कोविडमुळे बंदिस्त ठिकाणी चालू होती. इंडियानापोलिसला मुलांसाठी भला मोठा हॉल, रांगेने व्यायामाची यंत्रं. सॅन अँटोनियोला मुलींसाठी डंबेल्सचा एकच स्टँड आणि योगासनांच्या काही चटया. आयोजक म्हणाले, जागा कमी आहे. ओरेगन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने फोन फिरवून मागचा रिकामा हॉल दाखवला. अर्ध्या मिनिटाचं चित्रण, पण ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव तोवर फक्त मुलांच्या स्पर्धेला वापरलं जायचं; २०२२ पासून ते मुलींनाही मिळालं.

मग क्लार्कची वर्षं. एप्रिल २०२४ ला साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला अंतिम सामना टीव्हीवर सरासरी १.८९ कोटी लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याला १.४८ कोटी होते. मुलींनी मुलांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. डब्ल्यूएनबीएत तिचा पहिल्या वर्षाचा पगार ठरला ७६,५३५ डॉलर, आणि एरवी या लीगकडे ढुंकूनही न बघणारे लोक संतापले. गर्दीबरोबर जुनी दुखणीही आली. २०२३ च्या अंतिम सामन्यात समोरच्या संघातल्या कृष्णवर्णीय एंजल रीसने गोऱ्या क्लार्ककडे बघून हातवारे केले तेव्हा तिला असंस्कृत ठरवलं गेलं; तसेच हातवारे क्लार्कने आधीच्या एका सामन्यात केले तेव्हा ती जिगरबाज होती. धक्काबुक्की या खेळात रोजची, पण क्लार्कला लागलेला प्रत्येक धक्का गोऱ्या-काळ्यांच्या भांडणात ओढला गेला. काही खेळाडूंना वंशद्वेषी धमक्या आल्या. नव्या प्रेक्षकाचं मी मनापासून स्वागत करेन, पण या लीगमध्ये आधीपासून गाजलेली ए’जा विल्सनसारखी खेळाडू समोर असताना ही लीग क्लार्कने एकटीने उभी केली असं त्याने म्हणू नये.

जुलै २०२५ मध्ये ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या खेळाडू, क्लार्कसह, एकसारखे काळे टी-शर्ट घालून आल्या. त्यांवर लिहिलं होतं, आमचं जे देणं लागता ते आम्हाला द्या. स्टेडियममधल्या लोकांनी पुढे ‘त्यांना पैसे द्या’ अशी घोषणा दिली.

आयोवाने सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद केला. मे २०२४ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या प्रशिक्षकपदी जॅन जेन्सन आल्या. १९८७ मध्ये शाळेत त्याच सहा जणींच्या खेळात त्या सामन्यामागे सरासरी ६६ गुण करत होत्या. त्यांची आजी ऑडुबनच्या शाळेकडून खेळायची, १९२१ साली राज्य जिंकणाऱ्या संघात.