भूपट्टांची टक्कर : पर्वतनिर्मिती व भूकंप

पृथ्वीचे कठीण बाह्य कवच सलग नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांत विभागलेले असून हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. महासागरी पट्ट जड असल्याने खंडाखाली बुडतो. दोन खंड भिडले, तर दोन्ही हलके असल्याने कोणीच सहजी खाली जात नाही. मग थरांना घड्या पडतात, खडक एकमेकांवर चढतात, भूकवच जाड होते आणि वली पर्वत उभा राहतो.

हिमालय असाच घडला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्ट यूरेशियन पट्टाला भिडला व मधला टेथिस समुद्र मिटला. त्या समुद्रातला चुनखडक आज एव्हरेस्टच्या माथ्यावर, ८,८४८.८६ मीटरवर आहे. पट्टांचा रेटा थांबलेला नाही. विभंगावर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेवर, खडक अडकून राहतात, ताण साठत जातो आणि अडकण सुटली की ते काही सेकंदांत मीटरभर किंवा त्याहून जास्त सरकतात. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा ७.८ क्षमतेचा भूकंप असाच झाला.

नागपूरच्या उत्तरेलाही कधीकाळी अशी टक्कर झाली होती. बुंदेलखंड व बस्तर हे प्राचीन भूखंड १०० कोटी किंवा त्याहूनही अधिक वर्षांपूर्वी सांधले गेले. तिथली उंच रांग केव्हाच झिजून गेली, पण तिची मुळे उघडी पडली आहेत. रामटेक, मनसर, कांद्री, गुमगाव या भागांतले सौसर मालेचे (या नावाच्या प्राचीन खडकथरांच्या गटाचे) खडक मूळचे समुद्रातले वाळू, चिखल व चुन्याचे थर. दाब-उष्णतेने त्यांचे क्वॉर्ट्‌झाइट, अभ्रकी सुभाजा (अभ्रकाचा पापुद्रेदार खडक) व संगमरवर झाले. मनसरच्या खाणीतले काळे मँगनीजही याच घड्यांत सापडते. कडेच्या गोंडाइटात (मँगनीजयुक्त रूपांतरित खडकात) गार्नेटचे दाणे हाताला लागतात. हे सारे खडक त्या प्राचीन टकरीचा मोलाचा पुरावा आहेत.

नागपुरातली सीताबर्डीची टेकडी मात्र या टकरीतली नव्हे. ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. सातपुड्याची आजची उंचीही बरीचशी नंतरच्या विभंगांवरील उत्थानातून आलेली आहे.

हिमालयाकडचा दाब पट्टाच्या अंतर्भागातही पोचतो आणि जुने कमकुवत सांधे हलतात. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप (५.८) नर्मदेलगतच्या विभंगावर, सुमारे ३५ किमी. खोल झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची (६.२) नाभी, म्हणजे जमिनीखालचे उगमस्थान, मात्र बरीच उथळ होती. त्यामुळे हादरे थेट वर आले आणि दगडमातीची जड घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली.