घाट चढून घरी येणाऱ्यांचा डायव्ह कॉम्प्युटर

पुण्यात स्कूबाचा पहिला धडा तरणतलावात मिळतो आणि समुद्र पुढे मालवण-तारकर्लीला, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानात भेटतो. कोर्स संपला की आठवड्याभरात प्रत्येकजण विचारतो, ‘कॉम्प्युटर कोणता घेऊ?’ मग किंमत, स्क्रीन, पट्टा, बॅटरी यांवर बोलणे होते. त्याआधी एक गोष्ट माहीत हवी. पाण्याखाली किती वेळ राहायचे आणि किती हळू वर यायचे हे सांगणारे मनगटावरचे हे यंत्र मुख्यतः दोनच गोष्टी मोजते, पाण्याचा दाब आणि गेलेला वेळ. आपल्या रक्तात आणि स्नायूंत किती नायट्रोजन मुरला आहे, हे त्याला दिसत नाही. ते अंदाज बांधते. तो अंदाज कोणी, कसा आणि कोणाच्या जिवावर बांधला, ही दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे.

तिची सुरुवात पाणबुड्यांपासून, म्हणजे डायव्हरांपासून नाही, मजुरांपासून होते. एकोणिसाव्या शतकात नदीखाली पाया खणण्यासाठी आणि पाणथळ खाणींत दाबाखालची हवा भरून माणसे उतरवली जात. आत असताना त्यांना काही होत नसे. बाहेर आल्यावर मात्र सांधे धरत, कधी पाय लुळे पडत. १८५४ साली पोल आणि वातेल या फ्रेंच डॉक्टरांनी लिहून ठेवले की याची किंमत फक्त बाहेर पडताना मोजावी लागते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही हीच व्याधी जडली आणि पत्नी एमिली यांनी त्यांच्या सूचना कामावर पोचवत पूल पुरा करून घेतला. कारण सापडले १८७८ मध्ये. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी दाखवले की दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचे बूच उघडल्यावर होते तसेच.

मग किती हळू वर यायचे? हा प्रश्न ब्रिटिश आरमाराने शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बकऱ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून प्रयोग केले. सांध्यात दुखू लागले की बकरी पुढचा पाय उचलून धरते, त्यावरून त्रास ओळखता येई. १९०८ साली बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्यांनी निष्कर्ष छापला. त्यातली कल्पना आजही प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात आहे. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत, म्हणून शरीराचे काही काल्पनिक कप्पे करायचे आणि प्रत्येकाला अर्धा भरायला लागणारा वेळ द्यायचा. हॉल्डेन यांनी पाच कप्पे धरले, ५, १० , २०, ४० आणि ७५ मिनिटांचे. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायचे, हेही त्यांचेच. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन स्वतःही दाबाखालचे प्रयोग अंगावर घेणारा शास्त्रज्ञ होता. १९५७ मध्ये तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. भारतीय पाणबुड्यांनी या घराण्याचे नाव लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

पुढची काही दशके टेबलांची, म्हणजे खोली आणि वेळेच्या छापील तक्त्यांची होती. माझ्या पहिल्या कोर्सलाही प्लास्टिकच्या तक्त्यावर बोट फिरवून गणित करायला शिकवले होते. टेबल सुरक्षित आहे, पण ते एक सरळसोट गृहीतक धरते: तुम्ही सर्वात खोल जिथे गेलात तिथेच सगळा वेळ होता. नेत्राणीला २० मीटरवर पाच मिनिटे आणि उरलेला वेळ दहा-बारा मीटरवर प्रवाळ पाहण्यात गेला, तरी टेबलच्या लेखी तुम्ही सगळा वेळ २० मीटरवरच. ही तफावत भरून काढण्यासाठी यंत्र हवे होते.

पहिले प्रयत्न विजेशिवायचे होते. १९५९ साली इटलीत एसओएस नावाचा डिकम्प्रेशन मीटर आला. त्यात वायूची पिशवी होती. पाण्याच्या दाबाने तो वायू सच्छिद्र मातीच्या तुकड्यातून झिरपून बंद डबीत जाई आणि वर येताना तसाच हळूहळू परते. काटा बघून थांबायचे. कल्पना सुंदर होती, पण तो तुकडा शरीराच्या एकाच कप्प्याची नक्कल करत असे. एकामागून एक डायव्ह घेतल्या की हिशेब चुके. काही पाणबुड्यांनी या मीटरला ‘बेंडोमॅटिक’ असे नाव ठेवले होते. बेंड्स म्हणजे हीच बुडबुड्यांची व्याधी.

पुणेकरांसाठी या इतिहासातले सर्वात मोलाचे पान स्वित्झर्लंडमध्ये लिहिले गेले. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांच्या देशाला समुद्रच नाही. तिथले पाणबुडे आल्प्समधल्या तळ्यांत उतरतात, जिथे पाण्यावरची हवाच विरळ असते. समुद्रसपाटीची टेबले तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. म्हणून ब्यूलमान यांनी आसपासच्या हवेचा दाब थेट गणितातच घेतला. त्यांची पद्धत १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या सोळा कप्प्यांच्या आवृत्तीत सर्वात चपळ कप्पा ४ मिनिटांचा, सर्वात सुस्त ६३५ मिनिटांचा. त्या सुस्त कप्प्याकडे लक्ष द्या. तो अर्धा रिकामा व्हायलाच साडेदहा तासांवर वेळ लागतो.

त्याच १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ऑर्का एज’ आणि युरोपात ब्यूलमान यांच्या कामावर आधारलेला ‘डेकोब्रेन’ हे कॉम्प्युटर बाजारात आले. एजच्या पडद्यावर बारा कप्पे भरताना दिसत. कप्प्यात किती नायट्रोजन चालेल याची मर्यादा डॉप्लर यंत्राने रक्तातल्या बुडबुड्यांचा आवाज ऐकून ठरवलेल्या आकड्यांवर कार्ल हगिन्स यांनी बसवली होती. १९८७ पर्यंत होकायंत्रे बनवणारी फिनलंडची सून्टो कंपनीही यात उतरली आणि कॉम्प्युटर हळूहळू आटोपशीर झाला.

यानंतर मते फुटली, आणि दुकानात आज जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ इथे आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस वीन्के यांनी विरघळलेल्या नायट्रोजनऐवजी बुडबुड्यांचेच गणित मांडले. सून्टोने ते आपल्या यंत्रांत घेतले. दुसरीकडे एरिक बेकर यांनी ब्यूलमान यांच्या मर्यादेच्या किती आत राहायचे हे टक्क्यांत ठरवण्याची सोय केली, तिला ग्रेडियंट फॅक्टर म्हणतात. खोलवरच जास्त थांबावे असा बुडबुड्यांच्या गणिताचा कल होता. अमेरिकी आरमाराने दोन्ही प्रकारे डायव्ह करवून पाहिल्या आणि २०११ मध्ये अहवाल छापला: खोल थांबे घेतलेल्या १९८ डायव्हमध्ये बेंड्सच्या ११ घटना, उथळ थांब्यांच्या १९२ मध्ये ३. या प्रयोगानंतर ब्यूलमान अधिक ग्रेडियंट फॅक्टर हीच जोडी माझ्या पसंतीची झाली. शिअरवॉटर आणि गार्मिन या कंपन्यांची यंत्रे तीच वापरतात. टक्के स्वतः बदलता येतात, आणि ते का बदलतो आहोत हे समजते.

आता घाट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. आंबोली ६९० मीटरवर. मालवणला दिवसभर पाण्यात राहून संध्याकाळी गाडी काढणारा माणूस शरीरातला नायट्रोजन घेऊन कमी दाबाच्या हवेत चढतो आणि रात्रभर तिथेच झोपतो. विमानप्रवासाबद्दल पाणबुडे चर्चा करतात, घाटाबद्दल क्वचित. डायव्हनंतर उंचीवर जाण्यासाठीचे प्रचलित मार्गदर्शन सुमारे ६०० ते २४०० मीटरच्या उंचीसाठी आहे: नो-डेको मर्यादेतल्या (वर येताना सक्तीचे थांबे लागत नाहीत अशा) एका डायव्हनंतर किमान १२ तास, अनेक डायव्ह किंवा अनेक दिवसांनंतर किमान १८ तास. आंबोली नेमकी त्याच्या तळाशी येते. पाच-सात मीटरवरच्या हौशी डायव्हनंतर धोका फारच थोडा, पण दोन दिवसांत चार-पाच खऱ्या डायव्ह घेणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यायलाच हवे.

म्हणून यंत्र घेताना मी आधी माहितीपुस्तिकेतला उंचीचा भाग उघडतो. काही कॉम्प्युटर हवेचा दाब स्वतः ओळखतात, काहींत उंचीची पातळी हाताने ठरवावी लागते. ती चुकीची राहिली तर हिशेब चुकीच्या पायावर होतो. नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेची सोय हवीच, अंदमानात ती लागते. बॅटरी आपल्याला बदलता येते का, हे विचारा. सोबत्याचे यंत्र वेगळ्या गणिताचे असेल तर दोघांपैकी जे लवकर वर या म्हणते, त्याचे ऐकायचे. आणि यंत्र प्रत्येकाचे स्वतःचे असावे. भाड्याने घेतलेल्या किंवा मित्राच्या यंत्रात, काल ते ज्याने वापरले त्याच्या डायव्हचा नायट्रोजन असतो, तुमचा नाही.

पडद्यावर विमानाच्या चित्राशेजारी, विमानात बसायला अजून किती थांबायचे ते उलटे मोजणारे घड्याळ असते. आमचा गट मालवणला शेवटची डायव्ह रविवारी दुपारपूर्वी उरकतो आणि रात्र तिथेच काढतो. सोमवारची रजा आधीच टाकलेली असते. सकाळी ते विमानाचे चित्र गेलेले दिसले की नाश्ता करून आम्ही फोंडा घाटाच्या रस्त्याला लागतो.