जुन्या रेल्वे व औद्योगिक वारसास्थळांवरील सायकल-कसरती

वापरातून गेलेली रेल्वे यार्डे, लोखंडाचे कारखाने, खाणी आणि गिरण्या यांच्या आवारात, तिथल्याच रुळांवरून, वाघिणींवरून (मालगाडीच्या डब्यांवरून), भिंतींवरून सायकलीने उड्या मारण्याचा आणि तोल साधण्याचा हा क्रीडाप्रकार आहे. बंद पडलेल्या लोहमार्गावर डांबरी वाट करून तिच्यावरून साधी सायकल चालवणे यात मोडत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल ते बाथ ही सुमारे 21 किमी.ची वाट तशा प्रकारची असून तिथे रूळ उखडून सपाटी केलेली आहे. कसरतीच्या सायकलस्वाराला सपाटीचा उपयोग नसतो. रुळाची धार, वाघिणीच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या बफरची उंची, फलाटाचा काठ, दोन वाघिणींमधली फट हीच त्याची साधने.

मराठी वाचकाला सायकलची कसरत म्हटली की सर्कशीतली एकचाकी किंवा गावच्या चौकात दिवसचे दिवस पाय न टेकता सायकल फिरवणारा माणूस आठवेल. इथल्या प्रकाराची वंशावळ वेगळी आहे. स्पेनच्या कॅटालोनिया भागात पेरे पी हे मोटारसायकल ट्रायल्सचे, म्हणजे पाय न टेकता अडथळे ओलांडण्याच्या खेळाचे, नामवंत स्वार होते. वडील मोटारसायकलवर खडक चढतात ते पाहून त्यांचा मुलगा ओत पी सायकलवर तेच करू लागला आणि त्यातून सायकल ट्रायल्सचा खेळ वाढला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने त्याची जागतिक स्पर्धा 1986 मध्ये सुरू केली. ओत पी पुढे जगज्जेता झाला. दुसरी शाखा बीएमएक्सची, म्हणजे छोट्या चाकांच्या दणकट सायकलींची. ती 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि तिचा फ्रीस्टाइल (कसरतींचा) प्रकार टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. ट्रायल्सवाले खडक सोडून शहरातल्या पायऱ्या-कठड्यांकडे वळले, तेव्हा जुने कारखाने त्यांच्या नजरेत भरणे ओघानेच आले.

या सायकली दिसायलाच वेगळ्या असतात. ट्रायल्सच्या खास सायकलला सीट नसते, कारण बसायचे कधी नसतेच. गियर अगदी हलका, टायरात हवा कमी, पुढच्या दातेरी चकतीभोवती धातूचे कडे. उडी चुकून सायकल काठावर आपटली तर चेन वाचावी म्हणून हे कडे. ब्रेक घट्ट धरावेत यासाठी काही स्वार रिमच्या कडा ग्राइंडरने खरखरीत करून घेतात. असा ब्रेक दाबला की चाक जागीच थिजते आणि मागच्या चाकावर उभे राहून टुणटुण उड्या मारता येतात. कसलेला स्वार जागच्या जागी मीटरभराहून उंच काठावर चढतो. मालगाडीच्या वाघिणीचे बफर रुळापासून साधारण एवढ्याच उंचीवर असतात.

रुळावरून सायकल चालवणे पाहताना सोपे वाटते. रुळाचा माथा साधारण 7 सेंमी. रुंद, टायर 6 सेंमी.च्या आसपास, म्हणजे चाक मावते. खरी अडचण हँडलची आहे. रस्त्यावर सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाक पुन्हा वजनाखाली येते आणि तोल सावरतो. रुळावर ही मुभा जवळजवळ नाही. हँडल जरा जास्त वळले की चाक खडीत. मग सगळा तोल गुडघे, कंबर आणि खांदे यांनी सांभाळायचा. त्यात रूळ ओला असेल तर पकड संपलीच. उलट, वापरात नसलेल्या रुळावर चढलेला गंज टायरला थोडा धरून ठेवतो. चकचकीत रूळ हा वेगळाच इशारा असतो : त्याच्यावरून अजून गाडी धावते आहे. अशा ठिकाणाहून मुकाट्याने मागे फिरावे.

या प्रकाराला जगभर ओळख मिळाली ती स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॲस्किलमुळे. स्काय बेटावरच्या डनव्हेगन गावात 1985 मध्ये जन्मलेला हा मुलगा एडिंबरात सायकल दुरुस्तीचे काम करत होता. 2009 मध्ये इंटरनेटवर आलेल्या त्याच्या एका चित्रफितीने तो रातोरात प्रसिद्ध झाला. 2011 मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीच्या एका माहितीपटासाठी दिग्दर्शक स्टू थॉमसन यांनी त्याच्यावर ‘इंडस्ट्रियल रिव्हॉल्यूशन्स’ ही छोटी फिल्म केली. तिचे चित्रीकरण स्कॉटलंडच्या आयरशरमधील वॉटरसाइड गावाजवळ, डनास्किनच्या रेल्वे आवारात झाले.

डनास्किनचा इतिहास फिल्मइतकाच पाहण्यासारखा आहे. डॅलमेलिंग्टन आयर्न कंपनीने इथे 1840 च्या दशकात लोखंडाचा कारखाना उभारला. लोखंड गाळण्याच्या झोतभट्टीत हवा फुंकणाऱ्या इंजिनासाठी 1847 मध्ये इटालियन धाटणीची ऐटदार इमारत बांधली. यंत्राला असला राजवाडा का, असा प्रश्न आज पडतो. त्या काळच्या मालकांना पडला नसावा. भट्ट्या 1921 मध्ये विझल्या. नंतर त्याच जागी विटा भाजल्या गेल्या, कोळशाच्या खाणी चालू राहिल्या आणि 1970 च्या दशकापर्यंत छोटी वाफेची इंजिने डबे ओढत होती. पुढे हौशी रेल्वेप्रेमींच्या एका स्वयंसेवी गटाने जुनी इंजिने आणि वाघिणी तिथे जमवून ठेवल्या. म्हणजे स्वार ज्यांच्यावरून उडतो त्या ‘भंगार’ गाड्या कुणीतरी रविवार खर्ची घालून राखलेल्या असतात. फिल्म पाहणाऱ्या बहुतेकांना मात्र जागेचे नावही ठाऊक होत नाही. या साऱ्या प्रकाराची खरी उणीव हीच आहे. जागा दिसते, तिची गोष्ट दिसत नाही.

जर्मनीतील ड्यूसबुर्गने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. माइडरिश भागातला थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना 1901 ते 1985 चालला. तो पाडण्याऐवजी लांडस्केप रचनाकार पेटर लाट्झ यांनी सुमारे 180 हेक्टरांचे उद्यान आखले आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. धातुक (कच्चे खनिज) साठवायच्या काँक्रीटच्या कोठारांवर गिर्यारोहक चढतात, 45 मी. व्यासाच्या गॅसटाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात, झोतभट्टीवर चढून लोक परिसर न्याहाळतात. 2019 च्या रुर गेम्स या युवा क्रीडामहोत्सवात बीएमएक्सही याच आवारात झाले. खेळाची परवानगी, राखणदार आणि इतिहास सांगणाऱ्या पाट्या हे सगळे एकाच कुंपणात आहे. वेल्समध्ये ब्लायनाय फेस्टिनियोग इथे स्लेटच्या खाणींजवळ 2012 पासून उतरणीच्या सायकलवाटा आहेत. त्या भागातला स्लेटचा प्रदेश 2021 मध्ये जागतिक वारसायादीत गेला, तरी सायकली थांबल्या नाहीत.

जतनाच्या दृष्टीने सायकल निरुपद्रवी आहे का? रबरी टायरने फारसे काही बिघडत नाही. नुकसान करतो तो धातू. चकतीभोवतीचे कडे वालुकाश्माच्या पायरीवर आपटले की टवका उडतो. बीएमएक्सच्या आसाला लावलेल्या नळकांड्या कठड्यावरून घासत नेल्या की जुना रंग निघतो आणि मागे उघडे लोखंड राहते. म्हणून जबाबदार चित्रीकरणात काठांवर प्लायवूड टाकतात, धाव घ्यायला तात्पुरत्या फळ्या मांडतात आणि काम झाल्यावर उचलून नेतात. औद्योगिक वारशाविषयी 2003 मध्ये रशियातील नीझ्नी तागील शहराच्या नावाची सनद संमत झाली. जुन्या कारखान्याला नवा वापर देणे तिला मान्य आहे. मात्र मूळ साहित्याचा मान राखावा आणि लोक-मालाच्या येण्याजाण्याच्या मूळ वाटा शक्यतो कायम ठेवाव्यात, असे ती सांगते. वाघिणीच्या टपावरून जाणारी वाट मूळ आराखड्यात नव्हती, हे उघडच आहे. तरी एका दिवसाच्या चित्रीकरणाने जेवढे बिघडते त्याहून कितीतरी जास्त बिघाड गळके छप्पर एका पावसाळ्यात करते, हेही तितकेच खरे.

स्वाराला असलेले धोके जास्त गंभीर आहेत. गंजलेला पत्रा वरून धड दिसतो आणि वजन पडताच फाटतो. जुन्या छपरांत ॲस्बेस्टॉस, लाकडी स्लीपरांत क्रिओसोट हे लाकूड टिकवणारे घातक रसायन, भट्टीच्या आवारात विषारी माती, खाणीच्या परिसरात झाकणाशिवायची विवरे. हेल्मेटचा यातल्या कशालाच उपयोग नाही. जागेची आधी पायी पाहणी करावी लागते आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी लागते.

महाराष्ट्रात असल्या खेळाला राखून ठेवलेली जागा रूढ झालेली नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या बहुतेक गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत. जी काही आवारे उरली तिथे आत जायला मालकाची लेखी परवानगी हवी. रेल्वेच्या हद्दीचे नियम आणखी कडक आहेत. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रेल्वेच्या कोणत्याही भागात अधिकाराशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. यार्डातल्या एखाद्या बाजूच्या रुळावर गवत माजले आहे, म्हणून ती जागा या कलमातून सुटत नाही.