सरकारने लिहिलेली प्रार्थना

प्रार्थना इंग्रजीत अवघ्या २२ शब्दांची होती. मराठीत तिचा भावार्थ असा: 'हे सर्वशक्तिमान देवा, आमचा सारा भार तुझ्यावर आहे हे आम्ही जाणतो. आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर तुझी कृपा असू दे.' न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ रीजंट्सने ती १९५१ मध्ये तयार केली आणि सरकारी शाळांनी रोज म्हणावी अशी शिफारस केली. तिच्यात येशूचं नाव नव्हतं, कुठल्या पंथाची खूण नव्हती. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, कुणालाच खटकू नये अशी ती तोलूनमापून बेतलेली होती. लाँग आयलंडवरच्या न्यू हाइड पार्क भागातल्या शाळा मंडळाने १९५८ मध्ये ती लागू केली. सकाळी आपल्याकडे परिपाठ होतो तसंच तिथेही, वर्ग भरला की झेंड्यासमोर प्रतिज्ञा आणि मग ही प्रार्थना. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावं किंवा वर्गाबाहेर जावं, अशी मुभाही दिलेली होती.

दहा मुलांच्या पालकांनी याविरुद्ध दावा लावला. त्यांत ज्यू होते, युनिटेरियन (देव एकच, येशू देव नव्हे असं मानणाऱ्या उदार पंथाचे) होते, कुठलाच धर्म न मानणारेही होते. राज्यातली न्यायालयं शाळेच्या बाजूने गेली. प्रकरण वॉशिंग्टनला पोचलं आणि २५ जून १९६२ रोजी 'एंगेल विरुद्ध व्हिटाले' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी सांगितलं की ही प्रार्थना घटनेत बसत नाही. निकालपत्र ह्यूगो ब्लॅक यांचं. अलाबामातल्या बॅप्टिस्ट घरात वाढलेला, एके काळी रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवणारा हा न्यायमूर्ती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांनी म्हणायच्या प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही. प्रार्थना किती साधी आणि ऐच्छिक आहे याने त्यात फरक पडत नाही. गंमत म्हणजे निकालपत्राचा बराचसा भाग इंग्लंडच्या इतिहासात रमलेला आहे. तिथे सोळाव्या शतकात प्रार्थनापुस्तक पार्लमेंटच्या कायद्याने ठरलं आणि गादीवरचा राजा बदलला की त्यात काय राहावं, काय गळावं यावर भांडणं सुरू झाली. त्या जाचाला कंटाळून जे समुद्र ओलांडून गेले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी पुढे अमेरिका घडवली.

ओरड प्रचंड झाली. अलाबामाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज अँड्र्यूज तर म्हणाले की आधी यांनी काळ्यांना शाळेत घुसवलं आणि आता देवाला बाहेर काढलं. १९५४ चा वर्णभेदाविरुद्धचा निकाल दक्षिणेत अजून सलत होता, त्याचा राग इथेही निघाला. अध्यक्ष केनेडी स्वतः कॅथलिक. त्यांनी पत्रकारांना शांतपणे सांगितलं की यावर उपाय सोपा आहे, आपण घरी जास्त प्रार्थना करू या.

नास्तिकांनी देवाला शाळेतून हाकललं, असं या निकालाबद्दल सांगणारे अमेरिकेत आजही भरपूर भेटतात. जुनी कागदपत्रं उलगडली की वेगळंच दिसतं. धर्म आणि सरकार यांच्यातल्या भिंतीसाठी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने कुणी आवाज उठवला असेल, तर तो पंथ लहान असलेल्या भाविकांनी.

रॉजर विल्यम्स हा प्युरिटन पाद्री मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झाला आणि त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं, ज्यातून पुढे ऱ्होड आयलंड उभं राहिलं. १६४४ मध्ये त्याने चर्चची बाग आणि जगाचं रान यांच्यामधल्या कुंपणाबद्दल लिहिलं. त्याची चिंता बागेची होती. रान आत शिरलं तर बाग उजाड होईल, असं त्या कट्टर श्रद्धाळू माणसाला वाटत होतं. व्हर्जिनियात तर परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात घातलं जात होतं, आणि हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जेमतेम काही वर्षं आधी. त्याच व्हर्जिनियात १७८४-८५ मध्ये पॅट्रिक हेन्रीने ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवण्याचं विधेयक आणलं. कर आपल्या पसंतीच्या पंथाला देता येणार होता, म्हणजे वरवर पाहता सगळ्यांना समान. पुढे अध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने त्याविरुद्ध लांबलचक निवेदन लिहिलं. जे सरकार धर्माच्या नावाने तीन पेन्स वसूल करू शकतं ते उद्या काहीही मानायला भाग पाडू शकतं, हा त्यातला मुद्दा. विरोधाच्या अर्जांवर बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन भाविकांच्या सह्यांचा पाऊस पडला, विधेयक बारगळलं आणि १७८६ मध्ये टॉमस जेफरसनने (हाही पुढे अध्यक्ष झाला) आधी लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती याच वातावरणातली: काँग्रेसने कुठल्याही धर्माची स्थापना करणारा कायदा करू नये आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून रोखूही नये.

'भिंत' हा शब्द मात्र घटनेत नाही. तो जेफरसनच्या १ जानेवारी १८०२ च्या एका पत्रात आहे, आणि पत्र कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेलं. त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल पंथाला सरकारी आश्रय होता आणि आपल्याला धर्मस्वातंत्र्य मिळतं ते हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून, ही त्यांची तक्रार. पहिली दुरुस्ती तेव्हा फक्त केंद्राला लागू होती, त्यामुळे राज्यांनी आपापली चर्चं पोसायला काही आडकाठी नव्हती. कनेटिकटने १८१८ मध्ये तो आश्रय काढला, मॅसॅच्युसेट्सने थेट १८३३ मध्ये.

याचा अर्थ राज्यकर्त्यांनी प्रार्थनेला हातच लावला नाही असा मुळीच नाही. सप्टेंबर १७७४ मध्ये पहिल्या कॉन्टिनेंटल काँग्रेसची, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची, बैठक भरली तेव्हा जेकब डूशे या पाद्र्याने प्रार्थना म्हटली आणि सभासद हेलावून गेले. (हेच महाशय १७७७ मध्ये इंग्रजांना जाऊन मिळाले आणि स्वातंत्र्याची घोषणा मागे घ्या, असा सल्ला पत्राने सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला देऊन मोकळे झाले.) १७८७ च्या घटना परिषदेत फ्रँकलिनने रोज प्रार्थनेची सूचना केली, तीन-चार जण सोडले तर कुणालाच गरज वाटली नाही, अशी नोंद त्यानेच करून ठेवली आहे. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये देवाचे आभार मानण्याचा दिवस जाहीर केला. जेफरसनने आपल्या अध्यक्षपदाच्या काळात असा एकही दिवस जाहीर करायला नकार दिला. मॅडिसनने १८१२ च्या युद्धात जाहीर केले आणि म्हातारपणी ते चुकलंच असं लिहिलं. राष्ट्रपित्यांचा हवाला द्यायचा तर दोन्ही बाजूंना पुरेल एवढा माल आहे.

खरी ठिणगी पडली ती सरकारी शाळा आल्यावर. एकोणिसाव्या शतकात शाळा सर्वांसाठी झाल्या आणि त्यांत 'कुठल्याही पंथाचं नसलेलं' धर्मशिक्षण असावं असं ठरलं. पंथाचं नसलेलं म्हणजे व्यवहारात किंग जेम्स बायबल, टीपा-भाष्याशिवाय वाचलेलं. प्रोटेस्टंट लोकांना हे पाण्यासारखं निर्मळ वाटे. आयर्लंडहून लोटलेल्या कॅथलिकांना ते सरळसरळ परधर्माचं वाटे. त्यांचं बायबलचं भाषांतर वेगळं, दहा आज्ञांची मांडणी वेगळी. फिलाडेल्फियाचे बिशप केनरिक यांनी १८४२ मध्ये एवढंच मागितलं, की कॅथलिक मुलांना त्यांचं स्वतःचं बायबल वाचू द्या. कॅथलिक मंडळी शाळेतून बायबलच हद्दपार करणार, अशी आवई उठली. १८४४ मध्ये शहरात दोनदा दंगली पेटल्या, कॅथलिक चर्चं जाळली गेली, माणसं मेली.

बॉस्टनच्या एलियट शाळेतली १८५९ ची घटना त्याहून छोटी, पण वाचताना जास्त बोचते. टॉमस व्हॉल नावाच्या कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रोटेस्टंट पद्धतीने म्हणायला नकार दिला. वय दहा-अकराच्या आसपास. शिक्षकाने वेताच्या छडीने त्याच्या तळहातांवर सुमारे अर्धा तास मारलं, हात फुटले. नंतरच्या दिवसांत शेकडो कॅथलिक मुलांनी तोच नकार दिला आणि त्यांना शाळेतून घरी धाडलं गेलं. शिक्षकावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. याच सुमारास कॅथलिकांनी स्वतःच्या शाळांचं जाळं विणायला जोर लावला. सिनसिनाटीच्या शाळा मंडळाने १८६९ मध्ये बायबलवाचनच थांबवलं तेव्हा ती भांडणं मिटवण्याची व्यवहारी तोड होती, आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे ती उचलून धरली.

विसाव्या शतकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि त्या उलट्या दिशेच्या होत्या. १९४७ मध्ये 'एव्हरसन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धर्मस्थापनेवरची बंदी राज्यांनाही लागू आहे. निकाल लिहिणारे पुन्हा ब्लॅकच. जेफरसनची भिंत उंच आणि अभेद्य राहिली पाहिजे, असं बजावून त्याच निकालात त्यांनी धार्मिक शाळेत जाणाऱ्या मुलांचं बसभाडं सरकारने भरायला हरकत नाही असंही ठरवलं! दुसरीकडे शीतयुद्ध सुरू झालं. रशियातला साम्यवाद देव न मानणारा, मग आपण देव मानणारे, हे दिसायला हवं होतं. १९५२ मध्ये काँग्रेसने राष्ट्रीय प्रार्थना दिनाचा कायदा केला. १९५४ मध्ये झेंड्याच्या प्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द घातले गेले. १८९२ मधली मूळ प्रतिज्ञा लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होता आणि त्याला तिथे देवाची गरज वाटली नव्हती. १९५६ मध्ये 'आमचा देवावर विश्वास आहे' हे राष्ट्राचं अधिकृत ब्रीद झालं. रीजंट्सची २२ शब्दांची प्रार्थना याच लाटेतली.

'एंगेल'नंतर वर्षभरात, १७ जून १९६३ रोजी, पेनसिल्व्हेनियाचा 'शेंप' खटला निकालात निघाला. तिथे कायद्यानेच रोज बायबलची दहा वचनं वाचायची होती. १९५६ मध्ये एलरी शेंप या सोळा वर्षांच्या मुलाने बायबलवाचन चालू असताना शांतपणे कुराणाची प्रत उघडली आणि पुढच्या प्रार्थनेला उभा राहिला नाही. तो मुसलमान नव्हता, युनिटेरियन घरातला होता. त्याची रवानगी मुख्याध्यापकांकडे झाली आणि सात वर्षांनी आठ विरुद्ध एक मतांनी सक्तीचं बायबलवाचन बंद झालं. धर्माचा अभ्यास शाळेत जरूर करा, धर्माचरण सरकारने करवू नये, ही रेघ या निकालाने आखली. विद्यार्थ्याने गणिताच्या पेपरआधी मनात देवाचं नाव घ्यायला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही. निकाल उलटवण्यासाठी घटनादुरुस्तीचे अनेक प्रयत्न झाले. अध्यक्ष रेगन यांचा पाठिंबा असलेला प्रस्ताव १९८४ मध्ये सिनेटमध्ये ५६ विरुद्ध ४४ असा जिंकला, तरी दोनतृतीयांश मतं न मिळाल्याने पडला.

पुढचा मासला ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्सचा, म्हणजे रॉजर विल्यम्सच्याच गावचा. एका शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी रब्बायना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, प्रार्थनेसाठी बोलावलं आणि प्रार्थना सर्वसमावेशक कशी असावी याची पुस्तिकाही हातात ठेवली. तक्रार करणारं कुटुंब ज्यूच होतं. प्रार्थना आपल्याच धर्माच्या माणसाने म्हटली म्हणून त्यांचा आक्षेप सुटला नाही. शाळेने ती म्हणवून घ्यावी हेच त्यांना नको होतं. १९९२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. सगळे उभे असताना एकट्या मुलीने बसून राहायचं, याला ऐच्छिक म्हणायचं का, हा न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

मोठ्यांच्या सभांचा न्याय मात्र वेगळा राहिला. १९८३ मध्ये नेब्रास्का विधिमंडळाच्या पगारी पाद्र्याची प्रार्थना न्यायालयाने चालू ठेवली, कारण पहिल्या काँग्रेसनेही असाच पाद्री नेमला होता. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावाच्या सभेतल्या प्रार्थनाही टिकल्या. दार सगळ्यांना उघडं आहे, असा युक्तिवाद असतो. १२ जुलै २००७ रोजी सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. नेवाडाचे राजन झेद भगव्या वस्त्रात उभे राहिले आणि सुरुवात करताच प्रेक्षक सज्जातून ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरडा सुरू केला. तिघांना पोलिसांनी बाहेर काढून अटक केली. झेद यांनी मग प्रार्थना पूर्ण केली. आपल्याकडच्या घटनेने शाळांपुरता हा पेच अनुच्छेद २८ मध्ये संमतीच्या अटीने हाताळला आहे; प्रार्थनेत हात जोडायला नकार देणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेला दिलासा अनेकांना आठवत असेल.

अमेरिकेत वारं फिरलं ते २०२२ मध्ये. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेतला फुटबॉल प्रशिक्षक सामना संपला की मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करी. त्याला थांबवणाऱ्या शाळेविरुद्ध तो सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकला. बहुमताच्या लेखी ती एका माणसाची खासगी, शांत प्रार्थना होती. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात छायाचित्रंच छापली: मधोमध प्रशिक्षक, भोवती गुडघ्यावर बसलेली पोरं. मैदानात खेळवायचं कुणाला हे ज्याच्या हातात, त्याच्या शेजारी न बसण्याची हिंमत किती पोरांची होणार? सरकारची एखादी कृती धर्माला पाठबळ देते का हे तपासणारी, १९७१ पासूनची 'लेमन' कसोटी बहुमताने सोडून दिली आणि यापुढे इतिहास व परंपरा पाहून ठरवा, असं सांगितलं. कुठला इतिहास, डूशेचा की टॉमस व्हॉलचा, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरणार.

राज्यांनी इशारा ओळखला. लुइझियानाने २०२४ मध्ये प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला, टेक्सासने २०२५ मध्ये. टेक्सासने त्याच वर्षी आणखी एक कायदा केला: रोज प्रार्थना आणि धर्मग्रंथ वाचनासाठी वेळ ठेवायचा की नाही, यावर प्रत्येक शाळा मंडळाने मतदान घ्यायचं. भाग घेणं ऐच्छिक आहे आणि पालकांची लेखी संमती लागते. त्या संमतिपत्रात एक कलम असं आहे, की या तासावरून पहिल्या घटनादुरुस्तीच्या आधारे दावा लावण्याचा हक्क आम्ही सोडत आहोत.