टपावरची काडी लपवायची कुठे?

मोटारीत रेडिओ नुकते बसू लागले होते तेव्हा अँटेना लपवायला कुणाला डोकं खाजवावं लागत नव्हतं. १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचं छप्पर मधोमध कापडी असे आणि त्या कापडाला आधार म्हणून आतून जाळी ताणलेली असे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली. त्या जाळीला एक वायर जोडली की झाला अँटेना. बाहेरून काही दिसायचं नाही. मग १९३५च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप आणला आणि ही आयती सोय गेली. पत्र्याखाली रेडिओलहरी पोचेनात. अँटेना आधी पायफळीखाली सरकला, पुढे बॉनेटच्या बाजूला काडी होऊन उभा राहिला.

त्या वेळी फक्त ऐकायचं होतं. ज्या सेटवर बोलायचंही असतं त्याचा अँटेना लपवणं फार अवघड. साध्या गाडीतून फिरणारे पोलीस, सुरक्षा कर्मचारी, चोरांची नजर गाडीवर पडू नये असं वाटणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, या सगळ्यांना तो दिसायला नको असतो, पण चालायला हवा असतो. लपवण्याची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागतेच. ती कुठे मोजायची, एवढंच आपल्या हातात.

सगळ्यात आधी विचारायचं ते वारंवारतेबद्दल. ३०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि गाडीवरच्या साध्या अँटेनाची उंची तिच्या पाव भाग लागते. ४५० मेगाहर्ट्झला ही उंची १६-१७ सेंटीमीटर, म्हणजे एका वितीपेक्षाही कमी. १५० मेगाहर्ट्झला अर्धा मीटर. आणि २७ मेगाहर्ट्झच्या सीबी सेटला, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या ‘सिटिझन्स बँड’ वायरलेसला? पावणेतीन मीटर! यूएचएफचा, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्याचा, अँटेना लपवणं हा कारागिरीचा प्रश्न आहे. सीबीचा लपवायचा म्हटलं तर निसर्गनियमाशीच घासाघीस करावी लागते.

काडी आखूड करता येते, त्यात अशक्य काही नाही. उंची कमी पडली की बुडाशी किंवा मध्ये कॉइल घालून ती सुरात आणतात. पण उंची निम्मी केली की अँटेनाचा ‘विकिरण रोध’ पाव होतो. विजेचा जो भाग लहरी होऊन बाहेर पडतो, त्याचं हे माप. २७ मेगाहर्ट्झला अर्ध्या मीटरच्या काडीत हा रोध जेमतेम एक ओहम उरतो. कॉइलची तार, जोड आणि गाडीचा पत्रा यांचा मिळून रोध चार ओहम धरला, तर पाच भागांतले चार भाग नुसती उष्णता होऊन जातात. सेटमधून १० वॉट निघाले तरी हवेत २ वॉटच. शिवाय असा अँटेना एका चॅनेलवर नीट जुळवावा तर शेजारच्या चॅनेलवर बिघडतो. लहान आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद पट्टा (एकाच जुळवणीत चालणाऱ्या वारंवारता) हे तिन्ही एकदम मिळत नाहीत, हे व्हीलर या अभियंत्याने १९४७मध्ये आणि चू या संशोधकाने १९४८मध्ये गणिताने मांडलं. त्या मर्यादेला वळसा घालणारा साधा तार-कॉइलचा अँटेना अजून कुणी बनवलेला नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

ज्या टपाने अँटेनाला एकदा घराबाहेर काढलं, तोच आता त्याचा मोठा आधार आहे. पाव तरंगलांबीची काडी हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा खालचा पत्रा पुरवतो, आरशातल्या प्रतिबिंबासारखा. काडी टपाच्या मध्यावर असेल तर चारही बाजूंना पत्रा सारखा आणि लहरीही जवळपास सारख्या पसरतात. तीच डिकीच्या कोपऱ्यावर लावली तर लहरी जास्त पत्र्याच्या दिशेने, म्हणजे गाडीवरून तिरप्या, झुकतात. मग गाडी वळवली की समोरचा माणूस म्हणतो, ‘आता येतंय, आता गेलं.’

म्हणून माझं मत असं, की वाईट जागी लपवलेल्या लांब काडीपेक्षा चांगल्या जागी उघड्यावर ठेवलेली, पण नजरेत न भरणारी बुटकी वस्तू बरी. यूएचएफसाठी टपावर बसणारे काळे, बसके, मिठाच्या डबीएवढे अँटेना मिळतात. माथ्यावर धातूची चकती देऊन त्यांची उंची कमी केलेली असते. शार्क फिनच्या आकाराच्या कवचातही यूएचएफ अँटेना बसवतात आणि आजकाल ती फिन इतक्या गाड्यांवर असते की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. व्हीएचएफसाठी, म्हणजे १५० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यासाठी, जुनी युक्ती म्हणजे गाडीच्या रेडिओच्याच काडीसारखा दिसणारा अँटेना. आत जुळवणीचं सर्किट असतं, एक वायर रेडिओला जाते आणि दुसरी वायरलेस सेटला. मात्र बऱ्याच नव्या गाड्यांचा रेडिओ अँटेना मागच्या काचेवरच्या रेघांत गेलाय. अशा गाडीच्या बॉनेटशेजारी काडी दिसली की जाणकार ती लगेच हेरतो. लपणं म्हणजे शेवटी आजूबाजूच्या गाड्यांसारखं दिसणं.

काचेला चिकटवायचे अँटेना टपाला भोक पाडायचं वाचवतात. काचेच्या दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये काच, असा छोटा कपॅसिटर तयार होतो आणि वीज त्यातून पलीकडे जाते. पण उन्हाची धग अडवणाऱ्या काचेत किंवा फिल्ममध्ये धातूचा थर असला की हा कपॅसिटर बिघडतो. काचेत धुकं घालवणाऱ्या रेघा असल्या तरी तेच.

पूर्ण आत, डॅशबोर्डवर किंवा मागच्या शेल्फवर, ठेवला तर? मी हे करून पाहिलंय. अर्ध्या उंचीचा, कॉइलवाला व्हीएचएफ अँटेना मागच्या काचेखाली बसवला. अँटेनाकडून परतणारी वीज मोजणारा एसडब्ल्यूआर मीटर १.२ दाखवत होता, म्हणजे कागदावर उत्तम (१.० म्हणजे काहीच परतत नाही). पण एरवी सहज बोलणं होई त्या मित्राला माझा आवाज तुटक येत होता. मिनिटभर बोलून सेट बंद केला आणि कॉइलला बोट लावलं, तर ती कोमट! मीटरचा मला त्या दिवशी राग आला, पण चूक त्याची नव्हती. सेटकडे वीज परत येते की नाही, एवढंच तो सांगतो. डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा, सगळी शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध, लावला तर तो १.० दाखवेल, आणि डमी लोडमधून बाहेर तर काहीच जात नाही. सेट आणि अँटेना जोडणारी लांब, हलक्या दर्जाची केबलही असाच देखावा करते. ४५० मेगाहर्ट्झला आरजी-५८ या बारीक जातीची पाच मीटर केबल साधारण तिसरा हिस्सा शक्ती गिळते आणि मीटरवरचा आकडा उलट सुधारतो.

आतल्या अँटेनाची आणखी एक खोड असते. इंजिनचं कंट्रोल युनिट, स्क्रीन, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांची कुरकुर तो ऐकत बसतो. तुमचं लोकांना ऐकू जातं, लोकांचं तुम्हाला येत नाही. त्यात भर म्हणजे मागे बसलेल्याच्या डोक्यापासून तो वीतभर अंतरावर असतो. शरीर ३० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये रेडिओऊर्जा सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून सुरक्षा मर्यादाही तिथेच सर्वांत कडक असतात. हातातल्या वॉकीटॉकीचे पाच वॉट वेगळे आणि गाडीतल्या सेटचे पन्नास वॉट वेगळे. टपावर लावलेल्या अँटेनाखाली निदान पत्रा तरी ढाल म्हणून असतो. केबल नेताना खांबांतल्या एअरबॅगच्या वाटेतून मात्र ती अजिबात नेऊ नका.

बंपरच्या प्लॅस्टिकमागे ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. प्लॅस्टिक लहरींना अडवत नाही हे खरं, पण मागे पत्रा चिकटून असतो आणि उंची जमिनीपासून फूट-दीड फूट. नाइलाज असेल तरच.

तीन डेसिबल गमावले म्हणजे शक्ती निम्मी झाली. मोकळ्या मैदानात पल्ला तरीही निदान सत्तर टक्के उरतो, म्हणून ज्याच्याशी बोलायचं त्या केंद्राजवळ फिरणाऱ्याला काही जाणवतही नाही. पल्ल्याच्या कडेला मात्र या सेटचा एफएम आवाज हळूहळू मंद होत नाही, तो एकदम कोसळतो. म्हणून लपवलेला अँटेना घराजवळ तपासून उपयोग नाही. चुंबकावरची पाव तरंगलांबीची काडी तासाभरासाठी टपाच्या मध्यावर ठेवा, जिथे आवाज तुटायला लागतो त्या जागी गाडी उभी करा आणि दोन्ही अँटेना आलटून पालटून जोडा. मी तसं केलं तेव्हा चुंबकावरच्या काडीवर मित्र म्हणाला, ‘बोल, स्वच्छ येतंय.’ शेल्फवरचा जोडला तर नुसती खरखर.

घरी आल्यावर शेल्फ रिकामं केलं. टपाच्या मध्यावर भोक पाडताना हात थरथरत होता, हे कबूल करतो. आता तिथे काळी डबी आहे.